चौरस फुटांसोबत लिटरही लिहा : नाशिकच्या बांधकाम व्यावसायिकांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहरात आणि आसपास घरे बांधून विकणारे सर्व बांधकाम व्यावसायिक

स. न. वि. वि.

यंदा पाडव्याला मी तुमच्यापैकी एकाच्या साइट ऑफिसात गेले होते. घर घ्यायला नाही. घर माझ्याकडे आहे, त्यांनीच बांधलेले, त्याच कुंपणाच्या अलीकडचे. कुंपणापलीकडे आता दुसऱ्या टप्प्याचे बुकिंग सुरू झाले आहे. दाराशी गुढी होती, तोरण होते आणि भर दुपारी कारंजे उडत होते. टेबलामागच्या मुलाने पेढा दिला, सरबत दिले, ब्रोशर हातात ठेवले. मी विचारले, "या ९६ घरांना पाणी कुठून येणार?"

तो म्हणाला, "नळ आहे, दोन बोअर आहेत, आणि लागलाच तर टँकर असतोच की, काकू. नाशिक म्हणजे काय वाळवंट आहे का?"

मुलगा गोड होता, त्याच्यावर राग नाही. त्याला जे पढवले तेच तो बोलला. पण बारा वर्षे मी खरोखरच्या वाळवंटात राहून आले आहे, हे त्याला माहीत नव्हते. राजस्थानात, बिकानेरला. आणि त्या बारा वर्षांत माझ्या दारात जेवढे टँकर आले, तेवढे इथे आमच्या सोसायटीत एका आठवड्यात येतात. म्हणून त्याला उत्तर न देता घरी आले आणि हे पत्र तुम्हा सर्वांना लिहायला बसले.

माझे माहेर मनमाडचे. पाणी साठवायला मनमाडच्या मुलीला कुणी शिकवावे लागत नाही. नळ पंधरा-पंधरा दिवसांनी येणार हे धरूनच तिथे घरातली पिंपे मोजली जातात. मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा हौद केवढा आहे ते बघून घेत. लग्नानंतर ह्यांच्या बँकेच्या बदल्यांबरोबर फिरले आणि २००९ मध्ये बिकानेरला पोचले. भाड्याच्या घरात वर्ष काढले आणि मग जुन्या शहरात एक घर विकत घेतले. अकरा लाखांना घर, पावणेदोन लाख दुरुस्तीला. आमच्या आयुष्यातले पहिले स्वतःचे घर.

वाळवंटाचे गोडवे गायला मी बसलेली नाही, हे आधीच सांगते. तिथे जूनमध्ये आंधी आली की तासाभरात भाताच्या पातेल्यात वाळू. मे महिन्यात पारा ४७ अंशांवर, तर जानेवारीच्या रात्री शून्याच्या जवळपास. जमिनीतले पाणी खारे. कूलरच्या जाळीवर दर आठवड्याला मिठाचा पांढरा थर चढायचा आणि तो कूलर दिवसाला एका माणसाच्या अंघोळीपेक्षा जास्त पाणी प्यायचा. शहराला पाणी येते ते इंदिरा गांधी कालव्याचे, पार पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासून निघालेले. वर्षातून एकदा दुरुस्तीसाठी कालवा बंद करतात. त्याला तिकडे 'नहरबंदी' म्हणतात, आणि ती नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर असते. वाळवी दारांच्या चौकटी खायची. जुन्या शहरातल्या घराचा पट्टा, म्हणजे मालकीचा कागद, नीट नसेल तर बँक कर्ज देत नाही. बँकेत असून आमच्या ह्यांनासुद्धा त्यासाठी सात महिने चपला झिजवाव्या लागल्या. आणि विकताना गिऱ्हाईक मिळायला सव्वा वर्ष गेले. तेव्हा "वाळवंटातली माणसे किती सुखी" असे काही मी म्हणणार नाही.

पण त्या घराच्या अंगणाखाली एक टांका होता.

टांका म्हणजे जमिनीखालचा गोल हौद. आमचा दहा फूट व्यासाचा आणि नऊ फूट खोल, आतून चुन्याने घोटलेला, वर लोखंडी झाकण आणि झाकणाला कुलूप. वीस हजार लिटर मावत. गच्चीचा उतार एका कोपऱ्याकडे, तिथून पन्हळ, पन्हळीतून नळी थेट टांक्यात. जेठ महिना संपत आला की गच्ची धुऊनपुसून लख्ख करायची. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत वर चप्पल घालून जायचे नाही, हा शेजारच्या माँसांचा हुकूम. (वडीलधाऱ्या बाईला तिकडे 'माँसा' म्हणतात.) पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, दुसऱ्यापासून आत घ्यायचे. तूप सांडले तर काही जात नाही, पाणी सांडले तर जीव जळतो, अशा अर्थाची म्हणच आहे त्यांच्यात. माँसा ती म्हण नुसती म्हणत नसत. माझ्या हातून एकदा अर्धी बादली लवंडली, तर दोन दिवस त्या माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या.

आता हिशेब बघा, कारण तुम्हाला हिशेब कळतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. बिकानेरला वर्षाकाठी पाऊस जेमतेम अडीचशे मिलिमीटरच्या आसपास. आमची गच्ची ८० चौरस मीटर. म्हणजे २०,००० लिटर. पहिला पाऊस आणि इकडची तिकडची गळती सोडून १६,००० धरा. चार माणसांना पिण्या-रांधण्याला दिवसाला ४० लिटर लागतात. झाले ४०० दिवस. वर्षाचे दिवस ३६५. वापरायला नळाचे पाणी, प्यायला आभाळाचे. आणि नहरबंदीतही घशाला कोरड नाही. पावसाने दगा दिलेली वर्षेही आली. तेव्हा टँकर मागवला. बारा वर्षांच्या माझ्या वहीत एकूण नऊ टँकरांची नोंद आहे.

हे घर बांधणारा माणूस कोण होता मला ठाऊक नाही. शाळा किती शिकला होता तेही नाही. पण भिंत उभी करण्याआधी त्याने पाणी मोजले होते, एवढे नक्की.

ह्यांच्या निवृत्तीनंतर २०२१ मध्ये आम्ही नाशिकला आलो. का, तर गोदावरी आहे, हवा चांगली आहे, मनमाड जवळ आहे, लेक पुण्यात आहे. तुमच्या ब्रोशरमध्येही हेच लिहिलेले असते. त्यात आता समृद्धी महामार्ग आणि २०२७ चा सिंहस्थ यांची भर पडली आहे. आम्ही ५२ लाखांचा फ्लॅट घेतला. बिकानेरच्या घराचे पैसे, ह्यांचा फंड आणि उरलेल्याचे कर्ज. ताबा २०२२ च्या दिवाळीत मिळाला. त्यानंतरचा एकही उन्हाळा टँकरशिवाय गेलेला नाही.

माझी तक्रार एका माणसाबद्दल नाही, म्हणून नाव लिहीत नाही. आमच्या सोसायटीची ही गोष्ट मी मंदिरात, भाजीच्या गाड्यावर, दवाखान्यात जिथे जिथे सांगितली, तिथे समोरची बाई म्हणाली, "अगं, आमच्याकडे पण हेच!" तुमच्यात नीट बांधणारेही असतील. त्यांनी हे पत्र मनाला लावून घेऊ नये, खिशात ठेवावे आणि जोडीदारांना वाचून दाखवावे.

पहिली तक्रार सगळ्यात मोठी, आणि ती पाण्याचीच.

घर विकताना तुम्ही आम्हाला चौरस फूट सांगता, नळाची कंपनी सांगता, फरशीचा आकार सांगता, लिफ्टमध्ये किती माणसे मावतात तेही सांगता. माणशी किती लिटर पाणी मिळेल, हे सांगत नाही. शहरी पाणीपुरवठ्याचा सर्वसाधारण निकष माणशी दिवसाला १३५ लिटरचा आहे. आमच्या इमारतीत ४८ घरे, म्हणजे १९२ माणसे, म्हणजे दिवसाला जवळपास २६,००० लिटर. हा गुणाकार चौथीच्या मुलाला येतो. तो पाया खणण्याआधी केला होता का? केला असेल, तर कागद दाखवा. नसेल, तर तसे सांगा.

उन्हाळ्यात नळाचे पाणी एक वेळ आणि तेही करंगळीएवढ्या धारेने. ब्रोशरमधल्या दोन बोअरपैकी एक फेब्रुवारीतच उसासे टाकतो, दुसरा एप्रिलमध्ये. आपली जमीन काळ्या बेसाल्टची. भेग लागली तर पाणी, नाही तर नुसता खडक. आणि एका भेगेवर आजूबाजूच्या दहा इमारती पंप लावून बसलेल्या. तुमची बोअरची चाचणी मात्र पावसाळा संपल्या संपल्या, दिवाळीच्या सुमारास होते. तेव्हा तर रस्त्यालाही पाझर फुटलेले असतात.

मग टँकर. गेल्या उन्हाळ्यात १५ मार्च ते २० जून, ९८ दिवस, रोज दोन. १०,००० लिटरच्या टँकरला आम्ही १,८०० रुपये मोजले. १९६ टँकर, ३ लाख ५२ हजार ८०० रुपये. घरटी ७,३५०. हे मेंटेनन्सच्या वर. वीस वर्षांच्या कर्जाशी हा आकडा गुणून बघा, भाव एक पैसाही वाढणार नाही असे धरून : जवळजवळ दीड लाख. तुमच्या दरपत्रकात पार्किंग असते, क्लब हाऊस असते, कायदेशीर खर्च असतो. हा दीड लाख कुठल्या रकान्यात लिहिला होता?

तो लिहिलेला होता, हे मला नंतर कळले. करारनाम्याच्या एकतिसाव्या पानावर, बारीक अक्षरात : पुरेसे पाणी न मिळाल्यास पर्यायी पाण्याची व्यवस्था घरधारकांनी स्वखर्चाने करावी. बाहेरच्या फलकावर "२४ तास पाणी" आणि आत एकतिसावे पान. ते पान सही करण्याआधी वाचायला हवे होते, ही माझी चूक. बँकवाल्याची बायको असून वाचले नाही, हे ह्यांनी मला अजून तरी ऐकवलेले नाही, कारण वाचले त्यांनीही नव्हते.

आणि टँकरचे पाणी आभाळातून पडत नाही. ते शहराबाहेरच्या कुणाच्या तरी मळ्यातल्या विहिरीतून उपसलेले असते. सिन्नर, येवला, नांदगावकडची गावे स्वतः टँकरची वाट बघत असताना आमच्या शॉवरसाठी विहिरी रिकाम्या व्हाव्यात, हे मनमाडच्या मुलीला फार लागते. आमच्याच सोसायटीत पाइप लावून गाड्या धुणारे महाभाग आहेत, तेही कबूल करते. त्यांच्याशी मी रोज भांडते. ते भांडण वेगळे.

"वर गंगापूर धरण आहे" हे तुमचे ठरलेले वाक्य. आहे ना! १९६५ पासून आहे. पण त्या पाण्यावर शहराचा हक्क आहे, कारखान्यांचा आहे, कालव्यांवरच्या शेताचा आहे आणि खाली जायकवाडीचाही आहे. धरण तेवढेच आहे, त्यावरची तोंडे दर पाडव्याला आणि दसऱ्याला वाढताहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडले होते. गोदावरीच्या काठी, रामकुंड! तेव्हा मी बिकानेरला होते. टीव्हीवर ते बघून माँसा मला म्हणाल्या, तुमच्या गंगेचे हे असे कसे झाले? मला उत्तर देता आले नव्हते.

दुसरी तक्रार पावसाच्या पाण्याची. पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. आमच्या नकाशातही ते आहे. एक शोषखड्डा, एक गाळणी, गच्चीपासून येणारे चार पाइप. गेल्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला तेव्हा आम्ही तिघी बायका छत्र्या घेऊन तो खड्डा शोधत होतो. वॉचमन म्हणाला, गाडीखाली आहे. दुसऱ्या दिवशी गाडी हलवून, पेव्हर ब्लॉक काढून झाकण उघडले. तीन फुटांचा खड्डा, त्यात बांधकामाचे डबर, सिमेंटच्या फाटक्या गोण्या आणि गुटख्याच्या पुड्या. चारांपैकी तीन पाइप खड्ड्यापर्यंत पोचलेलेच नव्हते. ते सरळ रस्त्याच्या गटारात जात होते. चौथा पोचला होता, तो तुंबला होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आले, असे लिहिले तर नाटकी वाटेल. पण आले. बिकानेरला आम्ही गच्चीवर चप्पल घालत नव्हतो हो.

पुन्हा हिशेब. नाशिक शहराचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, बिकानेरच्या जवळजवळ तिप्पट. आमची गच्ची ६०० चौरस मीटर. वीस टक्के वजा जाता ३ लाख ३६ हजार लिटर. खरे बोलायचे तर हे पाणी आमच्या पूर्ण वापराला फक्त तेरा दिवस पुरेल. गच्ची एक आणि तिच्याखाली एकावर एक आठ मजले, मग दुसरे काय होणार? पण त्याच पाण्यावर १९२ माणसांचे पिणे-रांधणे १७५ दिवस भागले असते. निदान ते बोअरमध्ये मुरले असते, तर बोअर फेब्रुवारीत उसासले नसते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि इथे तर आडात जाणारे पाणी तुम्ही स्वतः गटाराला जोडून दिलेले आहे.

तिसरी तक्रार उन्हाची. आमची बैठकीची खोली पश्चिमेला. आठ फूट रुंद सरकती काच, वर छज्जा नाही, कारण छज्ज्याने इमारतीचे रूप बिघडते म्हणे. दुपारी तीननंतर सोफ्यावर बसवत नाही. बिकानेरच्या घराची भिंत दीड फूट दगडाची होती, खिडक्या लहान, गल्ली अरुंद. समोरच्या घराची सावली आमच्यावर आणि आमची त्यांच्यावर. बाहेर ४७ अंश असताना खालच्या खोलीत आम्ही एका कूलरवर झोपत होतो. इथे ३९ अंशांना दोन एसी. वीजबिलाचे रडगाणे गात नाही, पण दरमहा भरते आहे. हे शहाणपण शोधायला राजस्थानपर्यंत जायचीही गरज नव्हती. जुन्या नाशकातल्या वाड्यांत बघा. जाड भिंती, मधोमध चौक, चौकात किंवा परसात आड. येवल्याकडे माझ्या मावशीचे धाब्याचे घर होते. छतावर हातभर माती, आत वैशाखातही गारवा. आठ मजली इमारतीला धाबे घालता येत नाही, एवढे मला कळते. पण पश्चिमेच्या खिडकीवर दोन फुटांची सावली घालता येते. ती का घातली नाही?

उरलेल्या दोन गोष्टी थोडक्यात. १,०५० चौरस फूट सांगून विकलेले घर कार्पेटने, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेने, ७०२ निघाले. कार्पेटवरच विक्री करण्याचा कायदा असताना तोंडी बोलणे अजून 'सेलेबल'चेच, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा मिळवून फुगवलेल्या क्षेत्राचेच, चालते. कागदावर तुम्ही अडकत नाही, आमची मात्र सही होऊन जाते. आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळून इतकी वर्षे झाली तरी कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून देणे, झालेले नाही. कायद्यात मुदत तीन महिन्यांची आहे. आम्हाला उत्तर मिळते, "दुसरा टप्पा झाल्यावर बघू." जमीन आमच्या नावावर नाही, म्हणून शोषखड्डा नव्याने खणायचा तरी आमचे हात बांधलेले. आणि तीच मोकळी जागा आता दुसऱ्या टप्प्याच्या नकाशात रस्ता म्हणून दिसते आहे.

या दुसऱ्या टप्प्यानेच मला पत्र लिहायला लावले. ९६ घरे म्हणजे आणखी ३८४ माणसे, दिवसाला जवळपास ५२,००० लिटर. आमचे मिळून ७८,०००. बोअर तेच दोन. नळजोड तोच. आमच्या सोसायटीच्या सभेत एकाने विचारले, की निदान आमची संमती तरी घेतली का? कायद्यात तशी सोय आहे : मंजूर आराखड्यात आणि प्रकल्पात असा बदल करायचा तर दोन तृतीयांश घरधारकांची आगाऊ लेखी संमती लागते. आमच्यातल्या कुणाकडेही असा कागद आलेला नाही.

तेव्हा मागण्या. भीक नाही आणि धमकीही नाही. यातल्या बऱ्याचशा गोष्टी स्थावर संपदा कायद्यात २०१६ पासून लिहिलेल्याच आहेत, आणि महारेराचे, म्हणजे तो कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचे, कामकाज १ मे २०१७ ला सुरू झाले, त्यालाही बरीच वर्षे झाली.

करारनाम्यात कार्पेटच्या ओळीखाली पाण्याची ओळ हवी. माणशी किती लिटर. त्यात नळाचे किती, बोअरचे किती, टँकरचे किती. आणि हे आकडे एप्रिल-मे महिन्यांचे हवेत, श्रावणाचे नकोत. पाणी, सांडपाणी आणि वीज यांची सोय कधी आणि कशी होणार हे जाणून घ्यायचा हक्क घर घेणाऱ्याला त्या कायद्याच्या कलम १९(२) ने दिलेला आहे. आम्ही मागितल्यावर तुम्ही द्यायचे, असे नको. बुकिंगच्या पहिल्या दिवशी टेबलावर असू द्या, पेढ्याशेजारी.

बोअरची चाचणी मे महिन्यात करा आणि तिचा अहवाल साइट ऑफिसच्या भिंतीवर लावा, जिथे सध्या तरणतलावाचे चित्र आहे तिथे.

टँकर लागणार असेल तर त्याचा अंदाजे वार्षिक खर्च दरपत्रकात लिहा. लपवून ठेवलेला खर्चही खर्चच असतो. आणि "२४ तास पाणी" हे तीन शब्द पाणी नसताना फलकावर लिहू नका. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरलेल्या माणसाला भरपाई मागता येते, हे कलम १२ आता आमच्या सोसायटीतल्या बायकांना पाठ आहे.

पर्जन्यजल संधारण ताबा देण्याआधी भर पावसात चालवून दाखवा. लिफ्ट चालवून दाखवता, तसे. पाइपांचा नकाशा सोसायटीच्या हाती द्या आणि खड्ड्यावर गाडी लागणार नाही अशी जागा निवडा. ज्या जुन्या सोसायट्यांत हे काम कागदावरच राहिले, तिथे येत्या पावसाळ्याआधी तुमच्या खर्चाने पुरे करा. आमच्या इमारतीपुरते मी सांगू शकते : तीन पाइप, एक खड्डा, एक गाळणी. कारंज्याला याहून जास्त खर्च आला असेल.

ज्या आवारात पहिल्या टप्प्याला पाणी पुरत नाही, तिथे पुढच्या टप्प्याचे बुकिंग थांबवा. पाण्याचा हिशेब आधी मांडा, आहे त्या घरधारकांसमोर बसून मांडा, आणि त्यात बसतील तेवढीच घरे बांधा. ९६ बसत नसतील तर ४० बांधा. बिकानेरच्या त्या अनोळखी गवंड्याला हे जमले होते, तुमच्याकडे तर इंजिनिअर आहेत.

आणि कन्व्हेयन्स द्या. त्याला पाणीही लागत नाही.

ही पत्रे वाचायला तुम्हाला वेळ नसतो, हे मी समजू शकते. म्हणून एक सोपी गोष्ट सुचवते. जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही आमची गच्ची झाडून धुणार आहोत. वापरलेल्या पाण्याने, काळजी नसावी. तुमच्यापैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे. चहा मिळेल. झाकण उघडून तो खड्डाही दाखवू. चपला मात्र खाली जिन्याशी काढाव्या लागतील.

आपली,
४८ पैकी एका घराची मालकीण, नाशिक

ता. क. : पत्र लिहून झाले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. कुंपणापलीकडे कारंजे सुरू होते. त्याच वेळी आमच्या फाटकाशी आजचा दुसरा टँकर लागला आणि ड्रायव्हरदादाने पाइप जोडता जोडता वॉचमनला विचारले, "हे कारंजं पण आपल्याच पाण्याचं का रे?"

वॉचमन हसला, म्हणाला, "नाही, ते सकाळच्या टँकरचं."